धोतराची गाठ आणि भुलीची भीती

आपले शहापूर ही विणकरांची पेठ. ज्या वस्त्राने माणसाची लाज राखली, त्याचेच नाव एका रोगाला चिकटावे, हे चमत्कारिक वाटेल. परंतु तसे घडले आहे खरे.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर व बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली एका निबंधात ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन केले. कमरेवर एकाच जागी वर्षानुवर्षे वस्त्र काचत राहिले म्हणजे कातडी काळवंडते, जाड होते आणि क्वचित तेथे न भरणारी जखम होऊन तिचा कर्करोग बनतो. हा इतिहास संपलेला नाही. २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी सत्तर वर्षांच्या एका स्त्रीची अशीच हकीकत प्रसिद्ध केली. परकराच्या घट्ट नाडीखालची तिची जखम अठरा महिने भरली नव्हती.

असा रोग बहुधा उतारवयात होतो. त्या वयात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे पाहुणे नसतात, कायमचे भाडेकरू झालेले असतात. मग घरातली मंडळी म्हणतात, ‘ह्या वयात ऑपरेशन झेपायचे नाही.’

ही भीती निराधार जन्मली नाही. क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ साली सुरू झाला आणि १८४८ च्या जानेवारीतच इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी केवळ पायाचे नख काढताना दगावली. १८८८ व १८८९ साली निजामाच्या हैदराबादेत दोन मंडळांनी ह्या औषधाची परीक्षा केली आणि ‘श्वास सांभाळा, हृदयाची चिंता नको’ असा निर्वाळा दिला. १९११ साली गुडमन लेव्ही याने मात्र क्लोरोफॉर्मने हृदयही अकस्मात थांबू शकते, हे सिद्ध केले.

तोवर दुसरी वाट सापडली होती. १८८४ साली कार्ल कोलर याने कोकेनने केवळ डोळा बधिर करून दाखविला. पुढे नोव्होकेन आले आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. आज त्वचेवरील बहुतेक लहान कर्करोग तेवढाच भाग बधिर करून, रोगी जागा असतानाच काढता येतात. हृदयावर व फुप्फुसांवर पूर्ण भुलीचा भार पडत नाही.

धोका मुळीच नसतो, असे नव्हे. मधुमेहात जखम पिकू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पेसमेकर असल्यास विजेच्या उपकरणाने रक्त थांबविताना जपावे लागते. म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नये. गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत. त्यामुळे पक्षाघाताचे संकट ओढवू शकते.

परंतु सर्वांत मोठा धोका दिरंगाईत आहे. आज सुपारीएवढी असलेली गाठ उद्या जांघेत पसरली, तर तिला मोठी शस्त्रक्रिया व पूर्ण भूल लागेल. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण थांबलो, तीच आपण खरी करून ठेवतो. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. दूर जावयास नको. तेव्हा कमरेची गाठ सैल बांधा, आणि महिनाभरात न भरलेली जखम वैद्यास दाखविल्याशिवाय राहू नका.