स्लाइडपासून स्टेटसपर्यंत

आमच्या मिरची-कांडपाची पहिली जाहिरात काचेवर झाली. वडिलांनी टॉकीजच्या मध्यंतरासाठी स्लाइड रंगवून घेतली. पेंटर अनुस्वार विसरला आणि गावाने महिनाभर 'काडप' म्हणून चिडवलं. गिऱ्हाईक मात्र वाढलं. पुढे पेपरात घातलेली हँडबिलं, केबलवर सरकणारी पट्टी.

फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर चोवीस तास टिकणारं स्टेटस आलं, तेव्हा मला ती स्लाइडच आठवली. जानेवारी २०१८ मध्ये बिझनेस ॲपही आलं. त्याआधी फेसबुकचं पान काढलं होतं. लाइक पार दुबईहून यायचे, मिरच्या घेऊन कुणी येईना! भाचीने टिकटॉकवर डंक्याच्या ठेक्याचे व्हिडिओ टाकले, ते मात्र धावले. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. व्हिडिओ गेले, बघणारेही गेले. तिने इन्स्टाग्राम धरलं.

मी स्टेटसवरच राहिलो. दोघांकडे एकमेकांचा नंबर असल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून पावतीवर शिक्का मारला: 'नंबर सेव्ह करा'. ब्याडगी, संकेश्वरी मिरची बाजारात उतरली की सकाळी सातला फोटो. दुपारपर्यंत दारात पिशव्यांची रांग.