हाताचे कसब आणि लिहिलेली आज्ञा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्ते, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु हत्यारांनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो राजांच्या इतिहासाहून अधिक बोधप्रद ठरतो. पुस्तकाचे वेष्टन घ्या, जाहिरातीचा फलक घ्या, की लग्नाची पत्रिका घ्या. ही सारी चित्रे आज संगणकावर सिद्ध होतात. ती ज्या हत्याराने घडतात, त्याची कथा जेमतेम चाळीस वर्षांची आहे.

1987 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल यांनी, निव्वळ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखविणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यांचे बंधू जॉन हे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या, चित्रपटांतील दृश्यचमत्कार सिद्ध करणाऱ्या संस्थेत होते. या खेळात धंद्याचे बीज आहे, हे त्यांनी ओळखले. दोघांनी तो प्रोग्रॅम वाढविला आणि फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबी कंपनीने तो फोटोशॉप या नावाने बाजारात आणला. पुढल्याच वर्षी त्यात छापखान्याच्या चार शायांची सोय झाली.

हत्यार नवे आले खरे. पण कामाची रीत जुनीच राहिली. दोनशे छायाचित्रे एका मापाची करावयाची, तर तीच क्रिया दोनशे वेळा करावी लागे. 1996 साली चौथ्या आवृत्तीत यावर तोड निघाली. कारागिराने एकदा क्रिया करून दाखवावी, यंत्राने ती टिपून घ्यावी आणि मग हव्या तितक्या चित्रांवर तशीच करावी!

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कले येथे स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ नावाचा प्रोग्रॅम लोकांपुढे ठेवला. तो विनामूल्य होता. इतकेच नव्हे, तर त्याची अंतर्रचना कोणालाही वाचता व बदलता येत होती. लिनक्सचा तो सुप्रसिद्ध पेंग्विन लॅरी यूइंग यांनी 1996 मध्ये याच हत्याराने रंगविला. जून 1998 मध्ये गिंपची पहिली पक्की आवृत्ती निघाली, तिच्यात ‘स्क्रिप्ट-फू’ नावाची सोय होती. नाटकाच्या संहितेप्रमाणे येथे चित्रावरील क्रियांची संहिता लिहावयाची. भाषा स्कीम, म्हणजे 1975 साली एमआयटीमध्ये जन्मलेली.

टिपून घेतलेली क्रिया आणि लिहिलेली संहिता यांत महत्त्वाचा भेद आहे. टिपलेली क्रिया पाठांतर केलेल्या मुलासारखी. शिकविले तेवढेच म्हणणार. संहितेला मात्र ‘जर’ आणि ‘तर’ कळते. चित्र उभे असेल तर असे कापावे, आडवे असेल तर तसे, असा निर्णय तिच्यात घालता येतो. येथे कारागिराचे कसबच अक्षरांत उतरते. पुढे फोटोशॉपलाही जावास्क्रिप्टसारख्या भाषांतून आज्ञा देता येऊ लागल्या, यावरून या गोष्टीची गरज किती सार्वत्रिक होती ते दिसते.

मग धंदेवाईक माणसाने निवड कशी करावी? फुकट म्हणून घ्यावे, की सर्वजण वापरतात म्हणून? दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. गिंपमध्ये दीर्घकाळ प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या होत्या. अधिक सूक्ष्म छटांची सोय व्हावयास 2018 साल उजाडले. छापखान्याच्या चार शायांच्या बाबतीतही तो मागेच राहिला. ज्याची पोळी छापखान्यावर शिजते, त्याने हे डोळ्यांआड करणे परवडणारे नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. मे 2013 मध्ये अडोबीने जाहीर केले की यापुढील नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीनेच मिळतील. सुताराने पटाशी विकत घ्यावी आणि नातवाला द्यावी, ही रीत येथे संपली. वर्गणी थकली की हत्यार बंद. आणि त्या हत्यारासाठी लिहिलेल्या साऱ्या आज्ञाही मुक्या!

मुक्त हत्यारात तरी त्या अमर असतात काय? तसेही नाही. मार्च 2025 मध्ये गिंपची 3.0 ही आवृत्ती आली आणि पायथन भाषेच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेल्या संहिता तिच्यात चालेनाशा झाल्या. मात्र त्या साध्या अक्षरांत लिहिलेल्या असल्यामुळे जाणत्याला वाचता येत होत्या, दुरुस्त करता येत होत्या. जुने घर पडले, पण नकाशा हाती राहिला.

या इतिहासाचा बोध माझ्या मते असा: हत्यार निवडताना ते आजचे काम करते की नाही, हे आधी पाहावे, परंतु आपले कसब आपण कोठे ठेव म्हणून ठेवीत आहोत, हेही त्याच वेळी विचारावे. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेली रीत साध्या, वाचता येईल अशा लिपीत आपल्याजवळ असावी. हत्यारे बदलत जातील. लिहून ठेवलेली रीत ज्याच्यापाशी आहे, त्याला नव्या हत्याराचे भय बाळगण्याचे कारण नाही.