टाकणारे आणि टाकलेले

लिंबागणेशला माझी आजी 'बहिष्कार' हा शब्द वापरत नसे. 'त्यांना वाळीत टाकलंय' म्हणे, तेही आवाज उतरवून. 'बहिष्कार' मला पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या पुस्तकात, टिळकांच्या चतुःसूत्रीत; स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या पंगतीत. तिथे तो शौर्याचा शब्द होता. आजीचा आणि टिळकांचा शब्द एकाच कृतीचा, हे ध्यानात यायला बरीच वर्षे गेली.

बहिस् म्हणजे बाहेर; बहिष्कार म्हणजे बाहेर करणे. जातपंचायत माणसाला बाहेर करी. 1905 च्या वंगभंगानंतर विलायती मालाला बाहेर करायचे ठरले, तेव्हा इंग्रजी 'बॉयकॉट'साठी हाच जुना शब्द कामी आला. बॉयकॉट हे आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचे आडनाव. 1880 साली कुळांनी त्याच्याशी व्यवहार तोडला. तिथे खालच्यांनी वरच्याला टाकले होते. आपल्याकडची रीत बहुधा उलटी.

डॉ. आंबेडकरांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' सुरू केले. मला या निवडीचे फार मोल वाटते. 'अस्पृश्य' म्हटले की दोष जणू त्या माणसाच्या अंगात. 'बहिष्कृत' म्हटले की लगेच प्रश्न येतो: कोणी केले? कर्मणी प्रयोगाने कर्त्याला पकडून दिले!

गोलमेज परिषदेत त्यांनी सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरवण्याची मागणी केली. तिचा मसुदा घेतला ब्रह्मदेशाच्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून. सरकारने राजकीय बहिष्कार मोडायला घडवलेले हत्यार त्यांनी दुबळ्यांसाठी मागितले.

मुंबई प्रांतात 1949 साली बहिष्कृतीविरुद्ध कायदा झाला. आमचा बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात, त्यामुळे तो आमच्यासाठी नव्हताच. पुढे 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मपंथाच्या अधिकाराचा आधार देत तो रद्द केला. आज लागू आहे तो महाराष्ट्राचा 2016 चा कायदा. तो 3 जुलै 2017 पासून अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायद्याच्या नावात 'सामाजिक बहिष्कार' आहे. गावात मात्र हा शब्द कोणी उच्चारत नाही. विचारले तर उत्तर मिळते, 'बहिष्कार कसला? आम्ही फक्त त्यांच्याकडं जात नाही.' या वाक्यात कर्ता आहे, कर्मही आहे. गुन्ह्याचे क्रियापद तेवढे गाळले आहे.