दुव्यांची नाती

एका ग्रंथाचे दुसऱ्या ग्रंथाशी नाते काय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. टीका, भाष्य, खंडन, परिशिष्ट ही त्या नात्यांचीच नावे होत. महाजालावरील दुव्यांनाही आरंभी अशी नावे देण्याचा विचार होता, हे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे.

१९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी 'सर्न' या संस्थेपुढे जो प्रस्ताव मांडला, त्यातील आकृतीत बाणांवर 'वर्णन करतो', 'समाविष्ट करतो' अशी क्रियापदे होती. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये 'रेल' आणि 'रेव्ह' ही दोन विशेषणे आली. दुव्यापलीकडचे पान या पानाचे कोण, हे पहिले सांगे; हे पान त्या पानाचे कोण, हे दुसरे. १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने तर प्रकरण, अनुक्रमणिका, शब्दसूची, परिशिष्ट अशी यादीच दिली. छापील ग्रंथाची बहुतेक अंगे तीत होती.

परंतु वाचकाला ही नाती पडद्यावर क्वचितच दिसत. जे दिसत नाही ते लिहिण्याचे कष्ट कोण घेणार? दुवा निर्विशेषण राहिला. पुढे शोधयंत्रांनी दुवा म्हणजे शिफारस असा अर्थ लावला, आणि शिफारशींचा बाजार सुरू झाला. वाचकांच्या अभिप्रायांत जाहिरातींचे दुवे घुसू लागले. तेव्हा जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी 'नोफॉलो' हे मूल्य स्वीकारले: दुवा आहे, पण शिफारस नाही.

समीक्षकाचा प्रश्न येथेच उभा राहतो. खंडन करायचे तर मूळ लेखनाचा दाखला द्यावाच लागतो; पण दाखला म्हणजे मान्यता नव्हे. 'नोफॉलो' एवढेच म्हणतो की मी हमी घेत नाही; का घेत नाही, हे सांगत नाही. 'व्होट लिंक्स' नावाच्या योजनेत दुव्यावर 'विरोधी मत' नोंदवण्याची सोय होती. ती 'रेव्ह'वर उभी होती, आणि २०१४ च्या एचटीएमएल ५ ने 'रेव्ह' कालबाह्य ठरवले. २०१९ मध्ये गूगलने दोन नवी नाती मान्य केली: 'प्रायोजित' आणि 'वापरकर्त्याने लिहिलेले'. पैसा कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, एवढेच ती सांगतात.

ग्रंथांच्या नात्यांपासून निघालेला शब्दसंग्रह व्यवहाराच्या नात्यांपाशी येऊन थांबला. म्हणून दुवा का दिला, हे आजही आपल्याला वाक्यातच सांगावे लागते. लेखकाने ते टाळू नये.