संमती, तुरुंग आणि लस : संशोधननीतीच्या इतिहासातील एक मुंबईकर प्रकरण

वैज्ञानिक संशोधनातील नीतितत्त्वांचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा न्यूरेंबर्गपासून केला जातो. नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालपत्रात १९४७ साली दहा तत्त्वे नमूद झाली आणि प्रयोगास सामोऱ्या जाणाऱ्या व्यक्तीची स्वेच्छापूर्वक संमती हे त्यांतील पहिले तत्त्व ठरले. ही मांडणी चुकीची नाही; परंतु तिच्यामुळे असा समज दृढ होतो की, नीतीचा प्रश्न क्रूर संशोधकांच्या बाबतीतच उद्भवतो. आम्हांला तो प्रश्न अधिक अवघड अशा ठिकाणी पाहावासा वाटतो : जेथे संशोधक सहृदय आहे, हेतू शुद्ध आहे आणि प्रयोग यशस्वीही झालेला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाश्चर संस्थेत काम केलेले आणि पटकीवरील लशीमुळे हिंदुस्थानात परिचित झालेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण ते बरे झाले.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस तेथील सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचण्यात आली, उरलेल्यांना नाही. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी, टोचतेवेळीच ज्यांना लागण झालेली होती ते वगळता, दोघे आजारी पडले व दोघेही वाचले. वैद्यकाच्या इतिहासात या आकड्यांना मोठे स्थान आहे. आमचे लक्ष मात्र आकड्यांपूर्वीच्या एका शब्दाकडे जाते. लस घेणारे कैदी 'स्वेच्छेने' पुढे आले, असे सांगितले जाते.

ही स्वेच्छा कोणत्या काळातील होती? पाचच दिवसांनी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोगांचा कायदा संमत झाला. घराघरांत शिरून तपासणी करण्याचा, रुग्णाला उचलून नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुण्यात त्याचे पर्यवसान जून महिन्यात रँडच्या हत्येत झाले. तुरुंगाबाहेरच्या माणसालाही जेथे आपल्या उंबरठ्यावर 'नको' म्हणता येत नव्हते, तेथे बेड्यांतील माणसाच्या 'हो'ला किती वजन द्यावे? कोणी बळजोरी केली असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्यापुढे नाही. परंतु ज्याला नकाराचा मार्ग मोकळा नाही, त्याच्या होकाराचा अर्थ लावणेच अवघड होऊन बसते.

याहून मर्मभेदक प्रकरण बडोद्याजवळच्या उंडेरा गावचे आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करण्यात आले. अर्ध्या माणसांना लस, अर्ध्यांना नाही. एकच घर, एकच अन्न, एकच हवा. तुलनेसाठी याहून निर्दोष रचना कोणती असणार? पुढे २८ कुटुंबांत प्लेग आला. त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ मेले. भायखळा व दमण येथील अनुभव तोवर हाताशी होता; लस उपकारक असावी असे मानण्यास आधार होता. मग अर्धे घर उघडे का ठेवले? याचे उत्तरही आहे : निःसंशय पुराव्यावाचून ना सरकारचा विश्वास बसला असता, ना भयग्रस्त लोकांचा, आणि त्या पुराव्याने पुढे असंख्य जीव वाचले. दोन्ही पारडी खरी आहेत. पण त्या २६ जणांनी हा हिशेब स्वतः मांडलेला नव्हता. तो त्यांच्यावतीने मांडला गेला.

आजचे निकष कालच्या माणसांना लावणे अन्यायाचे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अर्धाच खरा आहे. ब्रेस्लाऊच्या आल्बर्ट नायसर यांनी रुग्ण स्त्रियांना, त्यांतही मुख्यतः वेश्यांना, न सांगता उपदंशाच्या रुग्णांचे रक्तद्रव टोचल्याचे प्रकरण १८९८ मध्येच गाजू लागले होते. नायसर यांना दंड झाला आणि डिसेंबर १९०० मध्ये प्रशियाने संमतीविषयी निर्देश काढला. निदान, उपचार व रोगप्रतिबंध यांहून वेगळ्या प्रयोगांपुरताच तो मर्यादित होता. तथापि प्रश्न विचारला गेला होता. आणि मराठी समाजाला तर 'संमती' हा शब्द नवा नव्हताच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून आपल्या वृत्तपत्रांत रणे माजली होती. शरीर कोणाचे आणि त्यावर अधिकार कोणाचा, हीच त्या वादाची गाभ्याची बाब होती. मात्र त्या चर्चेत बालवधू होती. तुरुंगातील कैदी नव्हता.

हाफकिन यांनाही अन्याय सोसावा लागला. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. दोषाचा संशय प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि त्यांचे निर्दोषत्व १९०७ मध्ये मान्य झाले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, हे सर्वथा योग्यच. मात्र मुलकोवालचे १९, उंडेऱ्याचे २६ आणि भायखळ्याचे ६ जण या कथेत केवळ संख्या म्हणून येतात.

स्वतःवर प्रथम प्रयोग करणे हे धैर्य आहे, पण त्या धैर्यातून दुसऱ्याच्या शरीरावरचा अधिकार निर्माण होत नाही. १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालाने व्यक्तीविषयी आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कैद्यांसारख्या परतंत्र व्यक्तींना विशेष संरक्षण दिले. यांतील प्रत्येक कलमामागे अशी अनामिक माणसे उभी आहेत. संशोधकाच्या चांगुलपणावर भागत असते, तर या कलमांची गरजच पडली नसती.

साहित्याच्या विद्यार्थ्याचे या इतिहासात काय काम, असे कोणी विचारील. आमच्या मते त्याचे काम वाचनाचे आहे. 'लस टोचण्यात आली', 'निवड करण्यात आली' या कर्मणी वाक्यांत कर्ता लपलेला असतो आणि ज्याच्यावर क्रिया घडली तोही पुसट होतो. या लेखातही आम्हांला तशी वाक्ये लिहावी लागली, कारण नोंदींनी आम्हांला तेवढेच दिले. अहवालातील अशा वाक्यापाशी थांबून 'कोणी? कोणाला? विचारून की न विचारता?' एवढे तीन प्रश्न करण्याची सवय भाषेच्या वर्गातच लागू शकते.