नातवंडांना मराठी वाचायला-लिहायला कसं शिकवावं



मुंबईत मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. इथे इस्राएलला आल्यावर शेजारपाजारची आणि नात्यातली मुलं थोड्या थोड्या वेळासाठी माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागली, आणि मला शिकवण्याची रीत पुन्हा नव्याने शिकावी लागली. कारण तिथली मुलं शाळेत येताना मराठी बोलत येत असत. इथली मुलं हिब्रू वाचत येतात, मराठी अर्धी-मुर्धी समजतात आणि आपल्याला 'सावता' म्हणून हाक मारतात. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. ज्या आजी-आजोबांना आपल्या नातवंडांना अक्षरं शिकवायची आहेत, त्यांनी हे जवळ ठेवावं.

आपल्या कपाटात जुनी पत्रं आहेत. फोटोंच्या मागे कोण कुठे उभं आहे ते मराठीत लिहिलेलं आहे. कीर्तनांच्या वह्या आहेत, मराठी हग्गादा आहेत. आपल्या मुलांना ते थोडंफार वाचता येतं, नातवंडांना मुळीच नाही. आपल्यानंतर हे सगळं नुसतं कागद होऊन राहू नये एवढ्यासाठी तरी घरातल्या एका मुलाला वाचता आलं पाहिजे.

आपल्या समाजाला हे काम नवं नाही. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. जोसेफ एझकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठीत भाषांतरं केली. हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा निघाली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. आपल्या वाडवडिलांनी मराठीचा हात धरून हिब्रू शिकून घेतली. आता नातवंडांना हिब्रूचा हात धरून मराठीकडे आणायचं आहे. वाट तीच, चालायची फक्त उलट दिशेने.

कधी सुरू करावं

मूल पहिलीत हिब्रू वाचायला शिकत असतं तेव्हा मध्ये पडू नये. ते वाचन नीट बसू द्यावं. दुसरीच्या सुमाराला मराठी अक्षरं घेतली की गोंधळ कमी होतो, असा माझा अनुभव आहे. पण बोलणं मात्र पहिल्या दिवसापासून मराठीत ठेवावं. जो शब्द मुलाने कानाने ऐकलेला नाही, तो वाचला तरी त्याला काही कळत नाही. 'फणस' वाचून दाखवला आणि फणस म्हणजे काय ते ठाऊक नसेल, तर ते वाचन नव्हे. आधी कान, मग डोळे, शेवटी हात, हा क्रम सोडू नये.

हिब्रूची मदत कुठे होते

इथल्या मुलाला अक्षराच्या खाली टिंबं आणि रेघा देऊन स्वर दाखवतात, ते निकुद माहीत असतं. त्याला सांगावं, "आपल्या काना, मात्रा, वेलांटी म्हणजे मराठीचं निकुद." हे मुलाला लगेच पटतं. फरक एवढाच सांगायचा की मराठीत निकुद कधी गळत नाही, मोठ्यांच्या पुस्तकातसुद्धा ते असतंच. मुलांना याचा आनंद होतो, कारण निकुदशिवाय वाचणं त्यांना जड गेलेलं असतं.

दुसरा फरक महत्त्वाचा. हिब्रू अक्षराला स्वतःचा स्वर नसतो. मराठी 'क' मध्ये 'अ' बसलेलाच असतो. तो काढायचा तर अक्षराचा पाय मोडावा लागतो. हिब्रूतल्या श्वासारखंच हे, असं सांगितलं की पुढे जोडाक्षरं सोपी जातात.

दिशेची भीती बाळगू नये. मुलं गणितातले आकडे आणि इंग्रजी डावीकडूनच लिहितात. सुरुवातीला ओळीच्या डाव्या टोकाला एक लाल टिंब द्यावं आणि बोट तिथून पुढे चालवावं. इथल्या वह्या उजवीकडून उघडतात. तीच वही मागच्या बाजूने सुरू केली की मराठीची वही झाली.

कान आणि जीभ

हिब्रूत ट-त आणि ड-द असा भेद नाही. ख, घ, थ, ध, भ हे श्वासाचे वर्ण नाहीत. ण आणि ळ तर नाहीतच. म्हणून अक्षर दाखवण्यापूर्वी जोड्या बोलून घ्याव्यात: काल-काळ, माल-माळ, दात-दाट, पान-पाणी. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून 'क' आणि 'ख' म्हणायला लावावं. 'ख'ला पट्टी हलते. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि महाप्राण म्हणजे काय ते न सांगता कळतं.

एका बाबतीत मात्र इथली मुलं पुढे असतात. मराठीत 'च' दोन तऱ्हेने बोलतात, चार मधला वेगळा आणि चाक मधला वेगळा. चाक मधला 'च' म्हणजे हिब्रूतला त्साडीच, तो त्यांना चटकन येतो. 'ज' चंही तसंच: जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा. लिहायला एकच, बोलायला दोन. याला पक्का नियम सांगता येत नाही, शब्द ऐकूनच कळतं. म्हणूनच बोलण्यावर माझा भर.

अक्षरांचा क्रम

अ आ इ ई पासून सुरू करायची आपली जुनी पद्धत. ती पाठांतराला चांगली आहे, वाचायला शिकवायला नाही. 'अ' आणि 'इ' लिहायला अवघड, आणि दोन्ही येऊनही एक शब्द वाचता येत नाही.

मी सुरुवात 'कर' पासून करते. आपल्या किती आडनावांच्या शेवटी 'कर' आहे पाहा: पेणकर, रोहेकर, आष्टमकर, झिराडकर, दिवेकर, नवगांवकर. दोनच अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. ती आली की मूल घरातल्या सगळ्यांच्या नावात 'कर' शोधत फिरतं. मग त्याला सांगावं की 'कर' च्या आधी जे आहे ते आपलं कोकणातलं गाव. अक्षराबरोबर गावही लक्षात राहतं.

त्यानंतर ग, म, भ, न. ही एका घडणीची अक्षरं, आपणही 'गमभन' म्हणूनच शिकलो. त्यांतून मग, मन, नग, गगन असे शब्द होतात. पुढे व, ब, त, स, ल, द. मग घ, ध, प, ण, फ, ळ. आता बदक, गवत, घर, मध, सण, फणस, कमळ असे खरे शब्द वाचता येतात. ट, ठ, ड, ढ आणि बाकीची अक्षरं सावकाश घ्यावीत.

घ-ध आणि म-भ यांत मुलं अडकतात. खूण सांगावी: घ आणि म यांच्या डोक्यावरची रेघ अखंड असते, ध आणि भ यांची डावीकडे तुटलेली असते.

काना, मात्रा, वेलांटी

बाराखडी एका दमात पाठ करून घेऊ नये. आधी फक्त काना. काका, मामा, बाबा, नारळ, दार, हात. आठवडाभर तेवढंच. मग दुसरी वेलांटी: आजी, काकी, पाणी, खीर. मग उकार, मात्रा, शेवटी अनुस्वार.

पहिल्या वेलांटीला वेळ द्यावा. 'कि' मध्ये खूण आधी लिहायची आणि उच्चार नंतर करायचा, हे हिब्रू वाचणाऱ्या मुलाला विचित्र वाटतं. अशा वेळी अक्षरावर बोट ठेवून आधी 'क' म्हणायचं, मग वेलांटीवर यायचं.

ऱ्हस्व-दीर्घाचा एकच नियम सुरुवातीला पुरतो: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. आजी, पाणी, लाडू. 'आणि' हा अपवाद रोज लागतो, तो तसाच पाठ करून घ्यावा.

जोडाक्षरं

इथे आपल्या घरातले शब्द घ्यावेत. 'शब्बाथ' मध्ये ब्ब, 'इस्राएल' मध्ये स्र, 'पत्र' मध्ये त्र. 'प्रार्थना' या एका शब्दात र दोन रूपांत येतो, एकदा अक्षराच्या पायाशी आणि एकदा डोक्यावर रफार होऊन. सणांची आपली नावंही कामाला येतात: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. ही नावं मुलांच्या कानावरून गेलेली असतात, पण लिहिलेली त्यांनी कधी पाहिलेली नसतात.

हात वळवणं

आपल्या आजोबांच्या पिढीने धुळपाटीवर अक्षरं गिरवली, आपण दगडी पाटीवर. ताटात रवा पसरून बोटाने गिरवायला लावावं, चुकलं तर ताट हलवलं की पुसलं जातं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पानं, शिंपले, खडे, जे आसपास मिळेल तेच त्यांनी शिकवण्याचं साहित्य केलं. आपल्याला महागडी खेळणी लागत नाहीत. बिरड्याचे वाल मांडूनही 'ग' करता येतो.

शब्द आधी पूर्ण लिहायचा, शिरोरेघ शेवटी द्यायची. रेघ संपली तिथे शब्द संपला, हे मुलाच्या डोळ्यांना कळतं.

वाचायला काय द्यावं

पहिल्यांदा घरच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात: साखर, मीठ, डाळ. नंतर फोटोंच्या मागची नावं. मग हग्गादा. १८७४ साली पुण्यात चित्रांसह छापलेली हग्गादा प्रसिद्धच आहे, हिब्रू आणि त्याचं मराठी भाषांतर. अशी दोन भाषांची हग्गादा घरात असेल तर मुलाला हिब्रू मजकूर ओळखीचा असतो, त्यामुळे मराठीचा अर्थ आपोआप लागतो.

जुनी पत्रं वाचताना मूल विचारेल, 'नांव', 'घरांत', 'केलें' यांवर ही टिंबं कशाला? त्याला सांगावं की पूर्वी तसं लिहीत असत. १९६२ च्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार गेले. पत्र लिहिणाऱ्याची ती चूक नाही. फार जुने कागद मोडीत असतील तर ते बाजूला नीट जपून ठेवा, मोडी हा वेगळा अभ्यास आहे.

रोज किती

पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. मूल दमायच्या आधी थांबावं. शब्बाथला लिहायचं नाही, पण वाचून दाखवायला काय हरकत? लांब राहणाऱ्या नातवंडांना आठवड्याला एक छोटं पत्र टाकावं, ठळक अक्षरांत, दोन-तीन ओळींचं, आणि त्यांच्याकडून एका ओळीचं उत्तर मागावं. फोनवर चुका काढत बसू नये. 'आजी' ला पहिली वेलांटी दिली तरी चालेल, पत्र आलं हे महत्त्वाचं.

ज्यांचे डोळे आता साथ देत नाहीत त्यांनीही मागे राहू नये. मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. कुठे अडखळलं ते कानाला कळतं. या आठवड्यात एक फोटो काढा, त्याच्या मागे कोण कोण आहे ते ठळक अक्षरांत लिहा, आणि नातवाला 'कर' शोधायला सांगा.