इनमोबी
इनमोबी : मोबाइलवरील जाहिरातींचा व्यवसाय करणारी भारतीय कंपनी. स्थापना मुंबईत, 2007 मध्ये. संस्थापक नवीन तिवारी, अभय सिंघल, अमित गुप्ता व मोहित सक्सेना. मूळ नाव ‘एमखोज’. लघुसंदेशाद्वारे आसपासची दुकाने व सवलती शोधून देण्याची ही सेवा फारशी चालली नाही; संस्थापक मोबाइल जाहिरातींकडे वळले आणि कंपनी बंगळूरला आली. 2009 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. कचेरी शहराच्या पूर्वेकडील बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर आहे.

अॅप किंवा संकेतस्थळावरील मोकळी जागा जाहिरातदारांना मिळवून देणे आणि कोणती जाहिरात कोणाला दाखवायची हे क्षणार्धात ठरवणे, हे तिचे मुख्य काम. अमेरिकी बाजारावर विसंबून न राहता तिने आशिया व आफ्रिकेत आधी पाय रोवले. तिच्या वाढीचे खरे मर्म यातच आहे. 2011 मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने 20 कोटी डॉलर गुंतवले आणि इनमोबी भारतातील पहिली ‘युनिकॉर्न’ (100 कोटी डॉलर मूल्याची नवउद्यमी कंपनी) म्हणून ओळखली जाऊ लागली.

या वाढीला एक गंभीर डाग आहे. लहान मुलांसह कोट्यवधी लोकांचा ठावठिकाणा संमतीविना टिपल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली व 2016 मध्ये 9.5 लाख डॉलर दंडावर तडजोड झाली. परवानगी नाकारलेल्यांचे स्थानही वाय-फायच्या खुणांवरून काढले जात होते. हा वापरकर्त्यांचा विश्वासघातच होता.

2019 मध्ये समूहाने रोपोसो हे चित्रफितींचे अॅप विकत घेतले.